सहाव्या पेरावरची शिवण

फुलकिड्याच्या अँटेनावरच्या ज्या शिवणीवरून, नवी जात सापडली म्हणून, मागच्या वेळी मी इतकी नाचले, ती शिवण नाहीच. सुरकुती आहे, आणि ती माझ्याच हातची.

मामाच्या बांधावरच्या मारवेल गवतावरचा दुरंगी थ्रिप्स, म्हणजे फुलकिडा, आठवत असेल. अ‍ॅनाफोथ्रिप्स वंशातला यात वाद नव्हता: प्रोनोटमवर (डोक्यामागच्या पाठीच्या ढालीवर) एकही लांब केस नाही, पोटावर टेनिडिया, म्हणजे कंगव्यासारख्या बारीक केसांच्या रांगा, नाहीत. पिल्लंही त्याच पानांवर सापडली होती, म्हणजे वाट चुकून आलेला पाहुणा नाही. माझा सगळा दावा अँटेनाच्या सहाव्या पेरावर उभा होता. याच वंशातल्या ऑब्स्क्युरस जातीच्या या पेरावर तिरकी शिवण असते, म्हणून आठाऐवजी नऊ पेरं वाटतात. पण तो अंगाने पिवळट. सुडानेन्सिस दुरंगी, पण बिनशिवणीचा. माझा दुरंगी आणि शिवणवाला! चार रात्री जागून मी अँटेनाचं चित्रही काढलं.

परवा पाचव्या मादीची स्लाइड फेज काँट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. डाव्या अँटेनावर शिवण ठळक. उजव्यावर काहीच नाही. मग फोकस सावकाश वरखाली केला. खरी शिवण असती तर पेराच्या कडेपर्यंत गेली असती. ही रेघ मध्येच विरत होती, शिळ्या फुग्यावर पडते तशी. पोटात गोळा आला. अकराच्या अकरा स्लाइड पुन्हा काढल्या. सातांवर रेघ, चारांवर नाही. वहीत तारखा पाहिल्या, तर त्या चारही एकाच रविवारच्या, जेव्हा मला कसलीच घाई नव्हती. बाकीच्या सात ऑफिसातून आल्यावर केलेल्या: सत्तर टक्क्यांवरून सरळ अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल, आणि लगेच लवंग तेल. एवढ्या नाजूक कातडीतलं पाणी एकदम ओढून घेतलं तर ती चिपणारच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

म्हणून एजीएमध्ये (अल्कोहोल, ग्लिसरीन आणि अॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात) ठेवलेल्या उरलेल्या आठ माद्या घेतल्या आणि या वेळी आळशासारखं काम केलं. पोटाला बारीक पिनेने भोक, मग पाच टक्के कॉस्टिक सोडा. तिथून साठ टक्के अल्कोहोलमध्ये पूर्ण दिवस, सत्तरमध्ये तासभर, मग ऐंशी, पंच्याण्णव, अ‍ॅब्सोल्यूट दोनदा आणि शेवटी अर्धा तास लवंग तेल. (आई म्हणते घराला दाताच्या डॉक्टरचा वास येतोय.) कव्हरस्लिपवर बाल्समचा, म्हणजे स्लाइड पक्की करणाऱ्या पारदर्शक राळेचा, थेंब, त्यात किडा उताणा, पाय-पंख सोडवून वरून स्लाइड टेकवायची आणि झटकन उलटायची. आठांपैकी सहा जमल्या.

सहांपैकी एकीवरही शिवण नाही.

पण स्लाइड काय झाल्यात म्हणून सांगू! एकीच्या पायाच्या टोकाची पिशवी पूर्ण फुगून बाहेर आली आहे. तोंडाच्या सुळक्यात तो एकुलता एक डावा जबडा इतका स्वच्छ दिसतो की उजवा कुठे गेला हे कुणी नवखाही विचारेल. असं काही हॉयर्समध्ये, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या त्या झटपट माध्यमात, करून दाखवा. हॉयर्सवाल्यांशी मला भांडायचं नाही, झटपट ओळखीला ते उत्तम. पण होलोटाइप, म्हणजे नव्या जातीचा मूळ नमुना, कुणी त्यात ठेवू नये, काही वर्षांनी स्फटिक धरतात. किराणा दुकानातलं लवंग तेल मात्र मी आता कायमचं सोडलं. त्यात काय काय मिसळतात देव जाणे, बाल्सम दुधाळ होतो.

आता शिवण गेली की संशय सरळ सुडानेन्सिसवर जातो. तो गवतावर सगळ्या उष्ण मुलखात पसरलेला, म्हणजे नवी जात जवळपास बुडालीच. आकुर्डीला प्राणी सर्वेक्षणात चौकशीला जाणार होते, तेही पुढे ढकललं. नाव मनात आहे, पण वर्णन छापल्याशिवाय नुसतं नाव टाकलेलं प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय कोड मानत नाही, तेव्हा ते माझ्यापाशीच.

अजून पूर्ण हार मानली नाही, कारण मला आजवर नर मिळालेला नाही. नराच्या पोटाखालच्या पोर प्लेट्सचा (ग्रंथींची छिद्रं असलेल्या चकत्यांचा) आकार आणि संख्या पाहिल्याशिवाय मी या किड्यावर काही बोलणार नाही. बेत असा होता की श्रावणात पुन्हा बांधावर जाऊन पांढऱ्या ट्रेवर गवत झोडायचं. मामाने आधीच विचारलंय, ‘अगं, कांद्यावरचे फुलकिडे मारायला मी पैसे घालतोय आणि तू बांधावरचे गोळा करतेस?’ कांद्यावरची टबॅसी ही जात वेगळी, हे त्याला तिसऱ्यांदा सांगितलं.

पण हे लिहितानाच सुचलं: नर शोधत कशाला फिरायचं, घरीच काढावेत. थ्रिप्समध्ये बहुतेक वेळा बिनफळलेल्या अंड्यातून नरच निघतो. मग प्यूपा असतानाच मादी वेगळी करायची, कुंडीतल्या मारवेलवर एकटी सोडायची, वरून कंदिलाची काच आणि काचेच्या तोंडाला मलमल. दोन-तीन आठवड्यांत मुलगे हजर. आणि मुलीच निघाल्या तर? ऑब्स्क्युरसमध्ये नर दुर्मीळच असतात, माद्या एकट्याच वंश चालवतात. तसं इथे झालं तर पोर प्लेट्सचा प्रश्नच मिटला, आणि मी पुन्हा अँटेनाकडे. झोडणं रद्द नाही, पण आधी कुंडी.

एवढं लिहून उठले आणि पानाच्या बेचक्यातून तीन प्यूपा काढल्या. दोन काचेखाली आहेत. तिसरी ब्रशच्या केसात कुठेतरी आहे.