‘इतर’ या एका शब्दाची भानगड

व्हाउचर ताईने वाढदिवसाला दिलं होतं. मी ते दहा महिने ईमेलमध्ये तसंच ठेवलं. विसरले नव्हते. घरून काम करताना पाठीचे हाल होत होते, म्हणून एक चांगली खुर्ची हेरून ठेवली होती आणि ती सेल लागल्यावरच घ्यायची असं ठरवलं होतं. व्हाउचरची मुदत वर्षाची, सेल लागला दहाव्या महिन्यात. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

दुकानात खुर्चीवर तीनदा बसून पाहिलं, काउंटरपर्यंत नेली आणि मोबाइलवरचा कोड पुढे केला. मशीनने एक आखडता आवाज काढला.

“मॅडम, हे नाही चालणार. सेलच्या वस्तूला व्हाउचर लागत नाही.”

“का?”

“ऑफरवर ऑफर नसते ना.”

“अहो, पण ही ऑफर नाही. पैसे मोजून घेतलेलं गिफ्ट व्हाउचर आहे.”

काउंटरवरच्या मुलीने माझ्यामागच्या रांगेकडे एक नजर टाकली. “सिस्टिमच घेत नाही मॅडम. मूळ किमतीला घेतलीत तर होईल.”

मूळ किमतीला घ्यायची तर व्हाउचरमधली निम्मी रक्कम सेलची सूट भरून काढण्यातच गेली असती. मी खुर्ची तिथेच सोडून निघाले. इथेच पहिली चूक झाली. नकार लेखी मागायला हवा होता, निदान त्या स्क्रीनचा फोटो तरी काढायला हवा होता. रागाच्या भरात काही सुचलं नाही.

घरी येऊन अटी उघडल्या. वेबसाइटच्या अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत तेवीस कलमं. चौदावं असं होतं: “हे व्हाउचर इतर कोणत्याही सवलत, ऑफर किंवा कूपनसोबत एकत्र वापरता येणार नाही.”

ते मी चार-पाचदा वाचलं. ‘इतर कोणत्याही सवलतीसोबत’. इतर म्हणजे कुणाखेरीज इतर? “आंबा आणि इतर फळं” म्हटलं की आंबा हे फळ आहे हे गृहीतच असतं. तसं हे वाक्य धरून चालतं की व्हाउचर ही स्वतःच एक सवलत आहे. दुकानाने फुकट वाटलेल्या कूपनला ते चपखल बसतं. पण ताईने जेवढे पैसे भरले तेवढ्याचंच व्हाउचर मिळालं होतं, त्यात सूट कसली? दुकानाकडे आगाऊ जमा केलेली रक्कम ती. कूपनसाठी लिहिलेलं कलम कुणीतरी उचलून गिफ्ट व्हाउचरला चिकटवलं होतं.

हा फरक मी पदरचा काढलेला नाही. व्हाउचर विकून आलेली रक्कम दुकानाच्या हिशेबात विक्री म्हणून नाही, तर देणं म्हणून बसते. माल दिला की मग ती विक्री होते. कुणी व्हाउचर वापरलंच नाही, तर त्या न वापरलेल्या रकमेला हिशेबाच्या भाषेत ‘ब्रेकेज’ म्हणतात. युरोपीय संघाने २०१९ पासून व्हाउचरवरच्या व्हॅटचे जे नियम लागू केले, त्यांतही नुसती सूट देणारी कूपनं व्हाउचरमध्ये धरलेली नाहीत. अमेरिकेच्या २००९ च्या कायद्याने गिफ्ट कार्डांना किमान पाच वर्षांची मुदत दिली, पण जाहिरातीसाठी फुकट वाटलेल्या कार्डांना त्यातून वगळलं. आयर्लंडनेही २०१९ मध्ये पाच वर्षं ठरवली, ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून तीन. विकत घेतलेलं वेगळं आणि वाटलेलं वेगळं, हे काउंटरवरच्या मशीनला सोडून बाकी सगळ्यांना माहीत होतं.

एवढं वाचून मी जिंकल्यासारखी खाली सरकले, तर पंधरावं कलम पुढ्यात: “सेल व क्लिअरन्समधील वस्तूंवर लागू नाही.” झालं. सगळी वकिली पाण्यात.

लॅपटॉप मिटणार तोच पानाच्या शेवटची ओळ दिसली: अटी सुधारल्याची तारीख. चार महिन्यांपूर्वीची. व्हाउचर तर दहा महिन्यांपूर्वीचं! म्हणजे ताईने पैसे भरले तेव्हा हे कलम होतं का, हे बघायला हवं होतं. आणि त्यासाठी ताईला फोन करणं भाग होतं. हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग.

“अगं, तू अजून वापरलंच नाहीस ते?”

“सेलची वाट बघत होते.”

“आवडलं नव्हतं तर सांगायचंस. मी दुसरं काहीतरी घेतलं असतं.”

तिची समजूत काढण्यात पंधरा मिनिटं गेली. मग तिने जुना ईमेल शोधून पुढे पाठवला. त्याला अटींची पीडीएफ जोडलेली होती. चौदावं कलम जसंच्या तसं. पंधरावं सेलचं नव्हतंच, त्या जागी व्हाउचर हरवल्यास काय, याबद्दल काहीतरी होतं. मात्र बाविसाव्यात लिहिलेलं होतं की कंपनी पूर्वसूचनेशिवाय अटी बदलू शकते.

असं कलम जवळपास प्रत्येक व्हाउचरवर सापडतं आणि ते वाचून बरेच लोक माघार घेतात. मीही घेणार होते. पण पैसे मोजून झाल्यावर सबळ कारण न देता एकाच बाजूने अटी बदलण्याची मुभा, हा ग्राहक कायद्यातला जुना वादाचा मुद्दा आहे. युरोपच्या १९९३ च्या अन्याय्य अटींबाबतच्या निर्देशात अशा मुभेचा समावेश अन्याय्य ठरू शकणाऱ्या अटींच्या यादीत आहे. अटीचा अर्थ संदिग्ध असेल तर ग्राहकाला अनुकूल अर्थ घ्यावा, असंही त्यात म्हटलं आहे. मला कोर्टात जायचं नव्हतं, पण आपलं म्हणणं वेडगळ नाही एवढा धीर त्यातून मिळाला.

मग दीड पानाचं पत्र लिहिलं. त्यात काउंटरवरचा अपमान, पाठदुखी, आंब्याचं उदाहरण, सगळं आलं. ताईला वाचून दाखवलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण तुला नक्की हवंय काय, ते यात कुठेच नाही.”

खरंच नव्हतं. नवीन पत्र सहा ओळींचं झालं. व्हाउचर पैसे भरून घेतलेलं आहे. खरेदीच्या वेळच्या अटींत सेलच्या वस्तू वगळलेल्या नव्हत्या. चौदावं कलम सवलतींबद्दल आहे, रकमेबद्दल नाही. म्हणून खुर्ची सेलच्या किमतीत याच व्हाउचरवर द्यावी आणि तक्रार निकाली लागेपर्यंत व्हाउचरची मुदत थांबवावी. पीडीएफ जोडली. मुदतीची ती ओळ ताईने घालायला लावली. नाहीतर उत्तर येईपर्यंत व्हाउचर संपलं असतं आणि वादच मिटला असता.

पहिलं उत्तर आलं की तुमच्या नावाने अशी कुठलीही नोंद नाही. नाव कुठून असणार, दुकानात मी नाव सांगितलंच नव्हतं. मी उलट लिहिलं: नावावर नको, व्हाउचरच्या कोडवर शोधा; अमुक तारखेला, दुपारी चारच्या सुमारास तो स्कॅन झाला आहे. नोंद सापडली. दुसरं उत्तर आलं की करार खरेदीदाराशी आहे, तुमच्याशी नाही. हे मात्र अगदीच चूक नव्हतं. पैसे ताईचे, पावती ताईची, मी नुसती कोड असलेली बाई. ताईने दोन ओळींचा ईमेल पाठवला की माझ्या वतीने बहीण बोलेल. बँकेकडे कार्डावरचा व्यवहार परत फिरवायला सांगावं असंही एकदा मनात आलं, पण त्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

तिसऱ्या खेपेला तक्रार विभागातल्या एका बाईंचा फोन आला. फार गोड बोलत होत्या. “मॅडम, सदिच्छा म्हणून आम्ही तुम्हाला तेवढ्याच रकमेचं नवीन व्हाउचर देतो. जुनं रद्द करू.”

मी हो म्हणणारच होते. “त्याच्या अटी पाठवता का आधी?” असं तोंडातून निघून गेलं, ते बरं झालं. अटी आल्या. मुदत तीन महिने, वर ठळक अक्षरांत ‘प्रमोशनल’. म्हणजे पैसे भरलेलं व्हाउचर परत घेऊन माझ्या हातात फुकटचं कूपन ठेवणार होते. ते स्वीकारलं असतं तर चौदाव्या कलमातला ‘इतर’ मला तंतोतंत लागू झाला असता. त्या बाईंना हे माहीत होतं असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे जे बटण होतं ते त्यांनी दाबलं.

मी नको म्हटलं, पुन्हा त्याच सहा ओळी पाठवल्या. मग आठवडाभर शांतता. पहिल्या ईमेलपासून सव्विसाव्या दिवशी फोन आला: “ऑर्डर आम्ही आमच्याकडून टाकतो, सेलच्या किमतीत. कोड सांगा.” चूक कबूल नाही, कलमाबद्दल चकार शब्द नाही. मीही विचारलं नाही. सेल तोवर संपलेला होता आणि मला खुर्ची हवी होती.

व्हाउचरमध्ये थोडी रक्कम उरली. ती रोख मिळेल का, विचारून पाहिलं. नाही म्हणाल्या. नवव्या कलमात ते स्वच्छ लिहिलेलं होतं, ताईच्या पीडीएफमध्येसुद्धा, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. शेवटच्या आठवड्यात दोन उशांचे अभ्रे घेतले, गरज नसताना.

पुढे महिन्याभराने सहज म्हणून ते अटींचं पान पुन्हा उघडलं. तळाशी नवी तारीख. चौदावं कलम बदललं होतं: “हे व्हाउचर, विकत घेतलेले असो वा मोफत मिळालेले, कोणत्याही सवलत, ऑफर किंवा कूपनसोबत वापरता येणार नाही.” ‘इतर’ काढून टाकलेला. मी ताईला स्क्रीनशॉट पाठवला. तिचं उत्तर आलं: “तुझ्यामुळे आता बाकीच्यांची वाट बंद. बस खुर्चीत निवांत.”