अपडेटनंतर लॅपटॉप सारखा क्रॅश होत होता
आजचा अख्खा दिवस लॅपटॉपमागे गेला. परवाच्या सिस्टीम अपडेटनंतर मधेच स्क्रीन फ्रीझ, मग निळी स्क्रीन आणि आपोआप रीस्टार्ट, तेही नेमकं व्हिडिओ कॉल चालू असताना, डोकं पार फिरलं होतं. सगळे म्हणत होते सरळ फॉरमॅट मार, पण मला ते पटेना, कारण अपडेटच्या आधी मशीन एकदम व्यवस्थित होतं.

आधी बॅकअप घेतला, मग सेफ मोडमध्ये तासभर चालू ठेवला तर एकदाही क्रॅश नाही! इथेच खरा धागा सापडला, कारण सेफ मोडमध्ये गरजेपुरतेच ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) लोड होतात, म्हणजे हार्डवेअरपेक्षा ड्रायव्हरवर संशय जास्त. मेमरी टेस्ट पण केली, रॅम ठीक. एरर लॉग, म्हणजे बिघाडांची नोंद, उघडला तर दर क्रॅशला तीच ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल, आणि तो ड्रायव्हर अपडेटबरोबरच बदललेला. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून तो रोल बॅक केला, म्हणजे आधीचा जुना ड्रायव्हर परत आणला, आणि संध्याकाळपासून मशीन मस्त चालतंय, लांबलचक कॉल पण झाला, इतकं हायसं वाटलं ना!

कोणाला असं होत असेल तर फॉरमॅटच्या आधी हे बघाच. रोल बॅकचं बटण पुसट दिसलं तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून जुना ड्रायव्हर घेऊन टाका, आणि काही दिवस अपडेट पॉज करा, नाहीतर तोच ड्रायव्हर परत येऊन बसू शकतो.