कामिनोवर वेगवेगळ्या चर्चची माणसं, संध्याकाळची एक प्रार्थना

कामिनो म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोला पायी जायची यात्रा. तिची फ्रेंच वाट फ्रान्समधल्या सां-जाँ-पिए-द-पोरपासून सांतियागोपर्यंत साधारण 780 किमी. यात्रा मूळची कॅथलिक, पण चालणारे सगळेच कॅथलिक नसतात, माझ्याच मागेपुढे एक लुथरन (म्हणजे प्रोटेस्टंटच) पाळक होते, एक रोमानियन ऑर्थोडॉक्स बाई होत्या आणि मी प्रोटेस्टंट घरातला. दिवसा कोण कुठल्या चर्चचा हे कुणी विचारत नाही, पाय सगळ्यांचेच दुखत असतात. फरक कळतो संध्याकाळी.

वाटेतल्या रॉन्सेस्वायेसला मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) शेवटी यात्रेकरूंना आशीर्वाद देतात, तो सगळ्यांसाठी असतो. पण त्याआधी पवित्र भाकर घ्यायला रांग लागली, आणि ती सहसा कॅथलिकांनाच देतात, तेव्हा आम्ही तिघं बाकावरच बसून राहिलो. खरं सांगतो, टोचतं ते. 1964 साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर ख्रिस्ती लोकांसोबत प्रार्थना करायला मोकळीक दिली, पण वेदीपाशी अजून आपण वेगळेच.

ग्रान्योनला मात्र मजा आली. मुक्काम चर्चला लागूनच, झोपायला जमिनीवर गाद्या, आणि रात्री वरच्या गायकांच्या सज्जात सगळे गोल बसतात, मेणबत्ती हातोहात फिरते, ज्याच्या हातात ती त्याने आपल्या भाषेत बोलायचं नाहीतर गप्प राहायचं. मग कुणीतरी प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली, सगळ्या चर्चमध्ये म्हणतात ती) सुरू केली आणि नुसता गलका, प्रत्येकाची भाषा वेगळी, वेग वेगळा! कॅथलिक मंडळी ‘वाइटापासून सोडव’ला थांबली, आणि आम्ही प्रोटेस्टंट सवयीने ‘कारण राज्य, पराक्रम’ म्हणत पुढे चालूच. (त्यांच्या मिस्सातही हे शब्द आहेत, पण मध्ये धर्मगुरूची प्रार्थना येते.) आमचं होईपर्यंत ती सगळी शांत थांबली, मग आमेन सगळ्यांनी मिळून म्हटलं.

काहीजण म्हणतात एकत्र प्रार्थना करता मग नियम कशाला, सरळ भाकरही वाटून घ्या ना. मला नाही पटत, शतकांचे वाद असे एका संध्याकाळी मिटत नसतात, आणि टोचणारी गोष्ट झाकली तर एकीसाठी प्रार्थना करणार तरी कशाच्या जोरावर? पाळकसाहेबांचंही साधारण हेच मत.

पुढे राबानालला बेनेडिक्टाइन या कॅथलिक पंथाचे मठवासी संध्याकाळची प्रार्थना लॅटिनमध्ये गातात. स्तोत्रं तर आम्हा सगळ्यांचीच, तिथे बाकावर मागे राहायचा प्रश्नच नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी पुढे निघालो, पाळकसाहेब म्हणाले तुम्ही व्हा पुढे, मी आजची प्रार्थना करूनच येतो.