तुम्ही विचारलंत म्हणून: डावावर बसल्यावर बिअर किती घ्यावी?

गोव्याची ट्रिप ठरली की आमच्या सांगलीच्या गोतावळ्यातून कुणाचा तरी फोन येतोच. "दादा, तुम्हाला बिअरमधलं कळतंय. कॅसिनोत बसल्यावर किती घेतली म्हणजे चालतंय?" दिवाळीच्या तोंडावर हाच प्रश्न तीन पत्तीच्या बैठकीसाठी येतो. क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या प्रमाणावर हाताने बनवलेली बिअर, मला मनापासून आवडते आणि पत्त्यांचीही हौस आहे, त्यामुळे या बाबतीत माझा शब्द चालेल असं लोकांना वाटतं. फोनवर "एक घ्या, दोन घ्या" असं सांगून सुटता येतं, पण ते उत्तर खरं नव्हे. पैसे लागलेत तोवर मी बिअरला हात लावत नाही. डाव मोडला, हिशेब झाला, की मग ग्लास. असं का, ते आज नीट सांगतो.

आधी बिअरबद्दल बोलू, कारण तिच्यावर जास्त अन्याय होतो. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली तेव्हा मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच थोडी थोडी बिअर बनवून विकायची जागा, हा प्रकार आपल्याकडे अगदी नवा होता. पुढे पुण्यात अशी बरीच ठिकाणं निघाली आणि आमच्यासारख्यांना कामानिमित्त पुण्याला गेलं की संध्याकाळी जायला एक चांगली जागा झाली. तिथे एकदा हेफेवायझेन मागवून बघा. गव्हाची, जर्मन पद्धतीची, गढूळ सोनेरी बिअर. ग्लास समोर आला की लगेच तोंडाला लावू नका, आधी नाकाजवळ न्या. पिकलेल्या केळ्याचा वास येतो आणि त्याच्या मागून लवंगेचा. आत केळंही नसतं, लवंगही नसते. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), पाणी आणि यीस्ट एवढाच माल, आणि हा वास यीस्टची करामत. आंबवताना तापमान थोडं इकडेतिकडे झालं तर कधी केळं पुढे येतं, कधी लवंग. बनवणाऱ्याचा हात कळतो तो इथे.

आपल्याकडे "चिल्ड आण रे" म्हणायची सवय आहे. बर्फासारखी गार बिअर जिभेला बधिर करते, चव लागतच नाही. ग्लास जरा निवांत राहिला, थंडपणा थोडा उतरला, की पहिल्या घोटात न सापडलेल्या गोष्टी तिसऱ्या घोटात सापडतात. स्टाउट या काळ्या बिअरमध्ये तर हे फारच जाणवतं, भाजलेल्या माल्टची कॉफीसारखी कडवट चव हळूहळू उघडत जाते. याला वेळ लागतो आणि लक्षही लागतं. हातात तीन पत्ते असताना ते लक्ष कुठून आणणार? नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर, डोकं पुढच्या चालीत, आणि हात सवयीने ग्लासकडे जातोय. चांगली बिअर अशी नुसती घशाखाली ढकललेली मला बघवत नाही. कुणीतरी मेहनतीने बनवलेली असते ती.

आता पैशाचं. दारू चढते म्हणजे आधी पाय लटपटतात, असा समज आहे. पायांच्या कितीतरी आधी सावधपणा जातो. "बास, आता उठू" म्हणणारा मेंदूचा भाग सगळ्यात लवकर सैल पडतो. त्यात रक्तातलं अल्कोहोल शेवटच्या घोटानंतरही अर्धा तास ते दीड तास वाढतच राहतं. म्हणजे "मी एकदम ठीक आहे" असं आपण जेव्हा म्हणतो तेव्हा पुरती चढायची बाकीच असते.

कॅसिनोत याचा अर्थ काय, ते आकड्यांत बघू. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या घरात थांबेल यावर पैसे लावायचे. एका शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात. लाल १८, काळी १८ आणि एक शून्य. लालवर पैसे लावले तर जिंकल्यावर दुप्पट परत, पण शून्य आलं की लाल-काळे दोघंही गेले. त्या एका घरामुळे दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोला राहतात. दोन शून्यांचं चाक असेल तर ५ रुपये २६ पैसे. बिअर पिऊन हे गणित बदलत नाही. बदलतं ते हे, की आपण किती वेळा लावतो आणि किती लावतो. तासाला ४० वेळा २०० रुपये लावणारा माणूस ८,००० फिरवतो आणि सरासरी २१६ रुपये गमावतो. तोच माणूस दोन ग्लासांनंतर ४०० लावायला लागला आणि एक तास जास्त बसला, तर त्या एका तासाचे सरासरी ४३२ रुपये गेले. कॅसिनोच्या पॅकेजात जेवण आणि दारू पुष्कळदा धरलेलीच असते. लोक येऊन सांगतात, "ड्रिंक्स फ्री होते." त्या फ्री ग्लासाची किंमत मी वर मांडली, आणि ती सरासरी आहे. नशीब फिरलेल्या रात्री "गेलेले काढूनच उठतो" असं म्हणणारा माणूस तिथे काय सोडून येतो ते त्यालाच माहीत. गेलेले पैसे काढायची ती ओढ दारूत दसपट होते, आणि मला भीती वाटते ती तिचीच.

घरगुती तीन पत्तीत कॅसिनोचं शून्य नसतं. पैसा याच्या खिशातून त्याच्या खिशात, बाहेर कुठे जात नाही. तरीही बघा कधी: रात्री साडेअकरानंतर पैसा चहा पिणाऱ्याकडे सरकायला लागतो. ब्लाइंड, म्हणजे आपले पत्ते न बघता, खेळणाऱ्याला पत्ते बघून खेळणाऱ्याच्या निम्मे लावावे लागतात, म्हणून ब्लाइंड स्वस्त वाटतं. शुद्धीत असलेला एक-दोन फेऱ्या ब्लाइंड जातो आणि पत्ते उचलून बघतो. प्यायलेला मर्दुमकी म्हणून पाचव्या फेरीलाही पत्त्यांना हात लावत नाही, आजूबाजूचे "वाघ आहे वाघ" म्हणून चढवत असतात, आणि पॉट, म्हणजे मधे जमलेला पैसा, फुगत जातो. शेवटी पत्ते उघडावेत तर राजा, सत्ती, दुर्री. पैसे गेल्याचं दुःख दोन दिवसांत विरतं, पण त्या रात्री तोंडातून निघालेले शब्द पुढच्या दिवाळीपर्यंत टिकतात. साडू-साडूंमध्ये, चुलतभावांत अबोला धरलेला मी बघितलाय.

कायद्याचंही विचारतात, म्हणून थोडक्यात. जुगाराचा अड्डा चालवणं आणि तिथे जाऊन खेळणं आपल्या राज्यात १८८७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. मटका आणि मॅचवरचा सट्टा तर सरळ बेकायदा. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं होतं, पण मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या सगळ्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, त्यात रमीही आली. माइल्ड बिअरसाठी महाराष्ट्रात वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही.

एवढं ऐकूनही गोव्याला जाणारे जाणारच, आणि जावं की. त्यांना मी क्रम बदलायला सांगतो. आधी पोटभर जेवा. जेवढे गेले तरी चालतील तेवढेच रोख पैसे खिशात ठेवा. कार्ड आणि यूपीआयवाला फोन खोलीवर, किंवा ज्याला खेळायचंच नाही अशा माणसाकडे. घरातली बाई सोबत असेल तर तिच्याकडेच द्या, ती मागितले तरी परत देणार नाही. उठायची वेळ आधी ठरवा. ती झाली की चिप्स (खेळायच्या चकत्या) मोडून पैसे घ्या, बाहेर या आणि मग निवांत बिअर मागवा. हरलेला असो की जिंकलेला, त्या ग्लासाची चव त्याला खरी लागेल.

ग्लास मोजताना मात्र "एक बाटली, दोन बाटल्या" असं मोजू नका. ३३० मिलीच्या पाच टक्क्यांच्या पिंटमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. ६५० मिलीच्या आठ टक्केवाल्या स्ट्राँग बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे तिपटीहून जास्त. दोन्हीला आपण "एक बिअर" म्हणतो. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच्या आसपासच निस्तरतं, त्याला घाई करता येत नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही नाही. क्राफ्टमध्ये आयपीएसारखे (इंडिया पेल एल, जास्त हॉप्सची कडवट बिअर) प्रकार सहा-सात टक्क्यांपर्यंत जातात, तेव्हा फळ्यावरचा आकडा वाचूनच मागवा. गाडीसाठी मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. साध्या पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरनेही ती ओलांडू शकते. पहिल्याच वेळी सापडलं तरी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. पुण्याहून परतताना मी एसटी किंवा रेल्वेच धरतो. खंबाटकी घाटात रात्री भेटणारा ट्रकवाला आपण किती घेतली हे विचारत नाही.

आणि जे पीत नाहीत, त्यांना माझं वाचून सुरू करावंसं वाटू नये. अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि ते मी मान्य करूनच पितो, म्हणून कमी पितो. घरात कुणाचा डाव किंवा ग्लास हाताबाहेर गेला असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबरवर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. व्यसन सोडवण्यासाठी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. उशीर करू नका, आणि लाज तर अजिबात बाळगू नका.

राहता राहिला प्रश्न पैजेच्या मजेचा. ती मलाही हवी असते, म्हणून आम्ही मित्रांनी पैज बिअरवरच आणली. पुण्यात गेलो की चार प्रकारांचे छोटे ग्लास मागवायचे, एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने ग्लासांची जागा बदलायची. नुसत्या वासावर आणि एका घोटावर ओळखायचं. हेफेवायझेन सगळेच पकडतात, खरी मारामारी पेल एल आणि आयपीएमध्ये होते. हरणाऱ्याने पुढच्या खेपेला सांगलीहून सगळ्यांसाठी भडंग आणायचं, कांदा-लिंबासकट.