वॉर्सा ते यास्ना गुरा: पायी नऊ दिवस

6 ऑगस्टला पोलंडमध्ये वॉर्सातल्या पॉलाइन या कॅथलिक साधुसंघाच्या मठातल्या चर्चमधून निघालो. 14 तारखेला चेंस्तोहोवाच्या यास्ना गुरा मठात, काळ्या मेरीपुढे, म्हणजे येशूच्या आईच्या काळसर चेहऱ्याच्या चित्रापुढे, पोहोचायचं होतं. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. 1711 मध्ये प्लेगच्या साथीत वॉर्साकरांनी केलेल्या नवसातून ही वारी सुरू झाली.

मोठी सॅक सकाळी ट्रकमध्ये गेली की मुक्कामापर्यंत हाती लागत नाही. रेनकोट, पाणी आणि कोरडे मोजे पाठीवरच हवेत. फोड येतात ते ओल्या मोज्यांनी आणि तापलेल्या डांबराने. कातडी सोलू नका. निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वर पट्टी लावा. नवे बूट घालून आलेले दुसऱ्याच दिवशी लंगडू लागतात. झोपायला तंबू, नाहीतर गावकऱ्यांचं कोठार.

दिंड्यांना इथे रंग आणि क्रमांक असतात. आपण 'माउली' म्हणतो, तसे हे एकमेकांना 'भाऊ', 'ताई' म्हणतात. शेवटच्या टप्प्यात प्शेप्रोश्ना गूर्का ही टेकडी लागते. मठाचा मनोरा समोर दिसतो आणि सगळे एकमेकांची क्षमा मागतात. तिथे घाई करू नये.

हजारो माणसांची ही व्यवस्था सरकारविना चालते. 1982 मध्ये लष्करी कायदा असतानाही वारी निघाली. पोलंडचा कामगार नेता लेक वालेसा समजायचा तर आधी हे पाहावं, असं मला ठामपणे वाटतं. ग्दान्स्कच्या लेनिन गोदीतला हा वीजतंत्री 1976 मध्ये कामावरून काढला गेला. आना वालेन्तिनोविच या क्रेनचालक बाईंच्या बडतर्फीवरून 14 ऑगस्ट 1980 रोजी, म्हणजे वारी पोहोचते त्याच तारखेला, गोदीत संप पेटला आणि वालेसा त्याचा पुढारी झाला. मागण्या 21. 31 ऑगस्टला सरकारने करारावर सही केली, त्यातूनच 'सॉलिडॅरिटी' ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. कोटावर त्याने काळ्या मेरीचा बिल्ला कायम लावला.

डिसेंबर 1981 पासून जवळपास वर्षभर तो स्थानबद्ध होता. 1983 चं शांततेचं नोबेल घ्यायला तो गेला नाही, कारण परत येऊ देतील याची खात्री नव्हती. पत्नी दानुता ऑस्लोला गेल्या. 1989 मध्ये सरकार आणि 'सॉलिडॅरिटी' यांच्यातल्या गोलमेज चर्चेनंतर निवडणुका झाल्या, 1990 मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि 1995 मध्ये हरला.

नोबेल पदक मात्र त्याने यास्ना गुरालाच वाहिलं. 14-15 ला गर्दीत मठाचं संग्रहालय नीट पाहता येत नाही. आम्ही 16 ला गेलो.