दार धरून उभा होतो

खानापुरातलं प्रशिक्षण. १०८ च्या गाड्यांवरचे ११ ईएमटी, म्हणजे गाडीत रुग्णावर तातडीचे उपचार करणारे, आणि मागच्या खुर्च्यांवर पायलट, म्हणजे गाडीचे चालक. पायलटांना बोलावलं नव्हतं. बाहेर पावसाची झड, म्हणून आत येऊन बसले होते.

सरावाचं बाळ टेबलावर ठेवलं. "सहा महिन्यांचं आहे. श्वास नाही, नाडी नाही. करा सुरू."

पहिल्याने दोन बोटांनी छाती जेमतेम दाबली. दुसरीने मान मोठ्या माणसासारखी मागे वळवली. गाडीत बाळंतपणं केलेली माणसं ही! पण आजारी लेकरू समोर आलं की हात आखडतो, हे मी दरवेळी पाहते. "मॅडम, बरगडी मोडली तर?"

छाती चार सेंटीमीटर, म्हणजे तिच्या जाडीच्या एक-तृतीयांश, खाली जायलाच हवी. त्यासाठी दोन्ही हातांनी बाळाची छाती कवेत घेऊन अंगठ्यांनी दाबायचं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, उताणं ठेवलं की हनुवटी छातीकडे झुकते. खांद्याखाली टॉवेलची घडी सरकवली की श्वासाची वाट सरळ होते. मान फार मागे नेली तर तीच वाट पुन्हा दबते. आणि लेकरांचं हृदय बहुतेक वेळा श्वास अडल्यामुळेच बंद पडतं. म्हणून नुसतं दाबून भागत नाही, अंबू, म्हणजे तोंडावर धरून श्वास द्यायचा फुगा, हवाच. एकटे असाल तर ३० दाब, २ श्वास. दोघं असाल तर १५ ला २.

मागून एक वयस्क पायलटमामा उठले.

"मॅडम, गाडीवर आम्ही दोघंच. मग ते दुसरं माणूस कोण?"

मला उत्तर सुचेना. कर्नाटकात २००८ पासून १०८ धावते आहे, माझीही इतकी वर्षं शिकवण्यात गेली, आणि हा प्रश्न मला पडला नव्हता.

"कणकुंबीकडचा कॉल होता," मामा म्हणाले. "आमची सिस्टर एकटीच दाबत होती, एकटीच फुगा मारत होती. मी दार धरून उभा होतो. बाळ राहिलं नाही."

सिस्टरनं काही चुकवलं नव्हतं. चुकलं होतं आमचं, शिकवणाऱ्यांचं. गाडी धावत असताना ती एकटीच असते हे खरं, पण घराच्या ओसरीवर, गाडी सुटायच्या आधी, चार हात असतात.

दुपारचा तक्ता मी पुसून टाकला आणि सगळ्या पायलटांना पुढे बोलावलं. मामांचे अंगठे आधी थरथरत होते. मग ते कानडीत मोजू लागले, "ओंदु, एरडु, मूरु..." पंधराला थांबले, समोरच्या मुलीने अंबू दाबला, बाळाची छाती वर आली.

"पुन्हा घेऊ," मामा म्हणाले.