उंची कुणी बघायची?

१२ नोव्हेंबर

चरखी दादरीच्या अपघाताला आज आणखी एक वर्ष झालं. १९९६ साली याच तारखेला, संध्याकाळी सहा चाळीसच्या सुमारास, हरियाणात या गावाजवळ दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळली. दिल्लीहून दहरानमार्गे जेद्दाला निघालेलं सौदी अरेबियन एअरलाइन्सचं बोइंग ७४७ आणि चिमकेंतहून दिल्लीत उतरायला येणारं कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्यूशिन ७६. एकात ३१२ माणसं, दुसऱ्यात ३७. त्यातलं कुणीच राहिलं नाही.

‘कझाक वैमानिकांची चूक होती’ असं म्हणून लोक हा विषय मिटवतात. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीनेही ठपका त्यांच्यावरच ठेवला, आणि तो योग्यच आहे. तरी मला ते वाक्य दर वर्षी जास्तच खुपतं. चूक झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे कुणी विचारतच नाही.

खाली येणाऱ्या इल्यूशिनला १५,००० फुटांपर्यंतच उतरायची परवानगी होती. वर चढणाऱ्या सौदी विमानाला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, आणि ते तिथेच होतं. मधे हजार फूट, म्हणजे तीनशे मीटर. दिल्लीच्या नियंत्रकाने कझाक विमानाला सांगितलंही, की समोरून सौदीचं बोइंग येतंय, चौदा मैलांवर आहे, दिसलं की कळवा. त्याआधीच इल्यूशिनने १५,००० फुटांवर पोचल्याचं कळवलेलं होतं. पण विमान तिथे थांबलंच नाही. साडेचौदा हजार, मग चौदा हजार, मग त्याच्याही खाली.

हे ‘पोचलो’ म्हणणारा कोण होता? इल्यूशिनच्या कॉकपिटमध्ये पाच माणसं असत आणि रेडिओवर बोलायचं काम स्वतंत्र रेडिओ ऑपरेटरचं. त्याची जागा वैमानिकांच्या मागे, आणि त्याच्या टेबलावर उंचीमापक नव्हताच. उंची बघायची तर वैमानिकाच्या खांद्यावरून मान लांब करून बघायची. नियंत्रकाची इंग्रजी ऐकायची, ती आपल्या माणसांना रशियनमध्ये सांगायची आणि उत्तर परत इंग्रजीत द्यायचं, हेही त्याच्याच डोक्यावर. ज्यांच्या हातात विमान होतं त्यांची इंग्रजी कच्ची होती, शिवाय ते फुटांपेक्षा मीटरला सरावलेले. म्हणजे विमानाच्या वतीने बोलणाऱ्यासमोर आकडा नाही, आणि ज्यांच्यासमोर आकडा आहे त्यांना नियंत्रक काय म्हणतोय ते धड कळत नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात भयंकर वाटते.

शेवटी रेडिओ ऑपरेटरच्या लक्षात आलं. आपण १५० वर, म्हणजे १५,००० फुटांवर नाही, वर चला, असं तो ओरडला. कॅप्टनने इंजिनांना जोर दिला, विमान किंचित उचललं गेलं, आणि त्याची शेपटी बोइंगच्या डाव्या पंखात घुसली. ते उचललं गेलं नसतं तर कदाचित सौदी विमानाच्या खालून निघून गेलं असतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुढचं पान उलटवेना.

आणि हे सगळं दिल्लीतल्या नियंत्रकाला दिसत कसं नव्हतं? त्याच्या रडारवर विमान कुठे आहे आणि किती लांब आहे एवढंच कळायचं. उंची दाखवणारं दुय्यम रडार दिल्लीत अजून सुरू झालेलं नव्हतं. वैमानिक सांगेल ती उंची खरी मानायची. त्यात दिल्लीभोवतालचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे, त्यामुळे येणारी आणि जाणारी प्रवासी विमानं एकाच वाटेने समोरासमोर. विमानांना एकमेकांची चाहूल देणारी टीकॅस यंत्रणा अमेरिकेत तोवर सक्तीची झालेली होती. आपल्याकडे तिची सक्ती झाली ती या अपघातानंतर. येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या त्याही नंतरच. यातली एक जरी गोष्ट आधी झाली असती तर त्या चुकीला इतकी माणसं लागली नसती, असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचा रागही येतो.

सौदी विमानात बहुतेक आपलीच माणसं होती, आखातात कामाला निघालेली. माझा मोठा भाऊ दम्माममध्ये राहतो. तो सांगतो, पहिल्यांदा जाणारा माणूस कामाच्या कराराचा कागद बॅगेत ठेवत नाही, शर्टाच्या आत ठेवतो, आणि विमान सुटेपर्यंत दर थोड्या वेळाने वरून चाचपून बघतो. त्या संध्याकाळी दिल्ली सोडून त्यांना जेमतेम काही मिनिटं झाली होती. ‘३४९’ या आकड्यात ही माणसं दिसत नाहीत.

दादाशी आज फोनवर हेच बोलणं झालं. तो विमानांतला जाणकार नाही, पण वर्षाकाठी ये-जा असते. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एवढंच विचारलं, ‘मग आता रेडिओवर कोण बोलतं?’ मी सांगितलं, आता बहुतेक विमानांत पुढे दोघंच असतात. एक जण विमान चालवतो, दुसरा रेडिओवर बोलतो, आणि उंचीमापक दोघांच्याही समोर असतो. ठरलेली उंची गाठायला हजार फूट उरले की ते मोठ्याने म्हणायचं, आणि दुसऱ्याने आपल्या काट्यावर ताडून बघायचं.

‘दोघांनी बघायचं ना?’ त्याने पुन्हा विचारलं.

हो, दोघांनी.